नाव येत आहे, थांबा

माझ्या वेबसाइटवर माझं नाव एकदम येत नाही. नवरदेवाने पारावरून मांडवात यावं, तसं ते येतं. आधी काळोख. मग मधोमध ठिणगी. मग डावीकडून मी, उजवीकडून आडनाव, वरून वडिलांचं नाव, आणि तिघांची टक्कर होऊन उडते सोनेरी धूळ. त्या धुळीत उमटतं: 'विनोदी लेखक व व्याख्याते'. रोज सकाळी चहा घेताना मी हा सोहळा बघतो. सौ. म्हणते, "स्वतःच्याच वरातीला रोज जाणारा माणूस आमच्या माहेरी नव्हता."

वेबसाइट पुतण्याने केली. "नाव नुसतं लिहिलं तर?" असा लटका विरोध मी केला होता. "फील येत नाय, काका," तो म्हणाला. मला फील हवाच होता. 2025 च्या जुलैत आमच्या इस्लामपूरचं ईश्वरपूर करायची घोषणा विधानसभेत झाली, तेव्हा गावापेक्षा आनंद त्यालाच झाला. पत्त्यातलं जुनं नाव विरघळून नवं उमटवायची सोय झाली ना!

फोन नंबर मात्र तळाला पळतो. वाळव्याकडच्या एका मंडळाला माझं व्याख्यान ठेवायचं होतं. त्यांचे कार्यकर्ते नंतर एसटी स्टँडवर भेटले. "सर, पाच आकडे लिहून घेतले, तवर नंबर पुढं गेला. परत यायची वाट बघितली, तर नेटपॅक संपला." त्यांनी दुसरा वक्ता बोलावला. त्याची वेबसाइटच नाही. नंबर फ्लेक्सवर असतो, आणि फ्लेक्स जागचा हलत नाही.

अक्षरं नाचवण्याच्या या रोगाचं मूळ शोधायला गेलो, तर ते बारमध्ये सापडलं. 1994 साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीचे लू माँटुली सहकाऱ्यांबरोबर पीत बसले असताना लुकलुकणाऱ्या अक्षरांची कल्पना निघाली आणि एका सहकाऱ्याने रातोरात ती अमलात आणली. बारमध्ये सुचलेलं सकाळी कुणाला आठवत नाही, असा आमच्या पेठ नाक्याचा अनुभव. ही कल्पना मात्र वर्षानुवर्षं टिकली. फायरफॉक्सने ती काढली 2013 मध्ये. मधल्या काळात फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरचं राज्य येऊन गेलं. दुकानाची वेळ बघायला जावं, तर आधी संगीतासह नाटिका. 31 डिसेंबर 2020 ला अडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला. फ्लॅश गेलं, खोड राहिली.

पण ही खोड अमेरिकेने लावली, हे मला मान्य नाही. आपल्याकडे मिक्सिंग होतं! लग्नाची कॅसेट मिक्सिंगशिवाय घरी आणणं म्हणजे वधूपित्याचा अपमान. माझ्या कॅसेटमध्ये मी कमळातून उगवतो. सौ. चंद्रातून डोकावते. मग चंद्र कमळावर आपटतो आणि बदामाच्या आकारात आम्ही दोघं ताजमहालासमोर गरगरतो. ताजमहाल आम्ही अजून बघितलेला नाही. अंतरपाट दूर होतो तेव्हा पडद्याची चौकोनी शकलं होतात, प्रत्येक शकलात एकेक मामा. अक्षतांपेक्षा चांदण्या जास्त. पंगतीत जिलबी वाढणारा हात पानासारखा उलटतो आणि खाली निघतो बँडवाला. करवलीच्या डोक्यावरून तर एक विमान जातं. ते कुठून आलं आणि कुठे उतरलं, हे स्टुडिओवाल्यालाच ठाऊक. त्या काळी पाहुणे ही कॅसेट पुन्हा पुन्हा लावायला सांगत, आणि कमळ आलं की मी उगाच खोकत असे.

त्याच कॅसेटमध्ये आबा, म्हणजे माझे वडील आहेत. फोटो म्हटलं की बाजूला होणारा माणूस. मांडवाच्या दारात ते पाहुण्यांना हात जोडतात, टोपी सारखी करतात, कॅमेऱ्याकडे बघून हसायला लागतात, आणि तेवढ्यात चहूकडून गुलाब येतात. गुलाब बाजूला होतात तेव्हा तिथे मी असतो, कमळात. आबांचं हलतं चित्र घरात तेवढंच. ते हसले कसे, हे नातवंडांना दाखवता येत नाही. स्टुडिओवाल्याने आपली कला दाखवली आणि माणूस झाकला. खरं सांगायचं तर मला त्या कमळाचा अजून राग येतो.

वेबसाइटला मात्र, ती कुणालाही वापरता यावी म्हणून, जगभर मानले जाणारे नियम आहेत. सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काही लखलखू नये, कारण फेफऱ्याच्या रुग्णाला झटका येऊ शकतो. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून जास्त वेळ हलणारं काहीही वाचकाला थांबवता आलं पाहिजे. माझं नाव या नियमात बसत नाही.

तेव्हा वेबसाइट करणाऱ्या पोरांनो, नाव, पत्ता, फोन आणि वेळ आधी स्थिर लिहा. त्यानंतर मालकाला हवं तेवढं नाचवा. मालकांची हौस मला समजते. आणि वाचकहो, फोनच्या सेटिंगमध्ये सुलभतेच्या विभागात ॲनिमेशन बंद किंवा कमी करायची सोय असते. ती चालू करा. नीट बनवलेल्या वेबसाइट तुमचं ऐकतात. माझी ऐकणार नाही. तिथे ठिणगीपासून बसावंच लागेल.