नॅनोसेकंदराव

हिंजवडीत ज्या मजल्यावर प्रोग्रॅमर बसतात, तिथे एक तरी नॅनोसेकंदराव असतातच. वाकडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकले तरी कुरकुर नाही. पण दुसऱ्याच्या कोडात एक फालतू लूप दिसला की रक्तदाब चढतो.

काम साधं असतं. डाव्या माइकचे नमुने एका ॲरेत, उजव्याचे दुसऱ्यात. ते एकाआड एक ओवून स्टिरिओ फाइल करायची. नवी मुलगी पायथनचं झिप लावते आणि दोन ओळींत मोकळी होते. राव मागे उभेच.

"अगं, प्रत्येक जोडीला वेगळं टपल? सेकंदाला ४४,१०० नमुने आहेत! पंगत समज. आधी दुप्पट पानं मांड. मग मुलीकडचे सगळे एकदम सम जागांवर, मुलाकडचे विषम जागांवर. आणि नमपायचं झीरोज नको, एम्प्टी घे. पानं पुसतेस कशाला? उष्टं असलं तरी वर आपलंच वाढायचंय!"

नशीब, ऐकायला व्याही नव्हते.

पंचाईत अशी, की रावांचं खरं असतं. त्यांच्या तीन ओळी झिपला केव्हाच मागे टाकतात. तिथे थांबले, तर ते राव कसले! संगणकशास्त्रज्ञ कनूथनी १९७४ साली लिहून ठेवलंय, की ९७ टक्के वेळा असल्या बारीकसारीक बचतीचा नाद सोडा. रावांचा प्रत्येक कोड उरलेल्या तीन टक्क्यांतला. मग सी++ येतं, प्रोसेसरची मॅन्युअलं उघडतात, आणि चौथ्या दिवशी रावांना आर्मच्या चिपमध्ये नेमकी हीच ओवणी करणारी सूचना सापडते. तिचं नाव झिप. मुलगी काही बोलत नाही, नुसती चहाला जाते.

एवढं करून फाइल नेटवर्कवरून यायलाच तीन सेकंद लागतात, ते वेगळंच. त्यातून एखाद्या दिवशी उजवा माइक आधी बंद पडतो. मुलीचं झिप आखूड ॲरे संपली की गुपचूप थांबतं, डाव्याचं शेपूट गिळून. रावांचं सी++ मात्र उजव्या ॲरेची हद्द ओलांडून पलीकडची रद्दी वाचत सुटतं आणि कानात खरखर ओततं.

तेव्हा रावांकडून त्या तीन ओळी जरूर घ्या, दोन्ही ॲरेंची लांबी आपली आपण तपासा, आणि ते चौथ्या ओळीला हात घालायच्या आत लॅपटॉप मिटा.