आज उडणार नाही!

2024 साली पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात एकोणचाळीस दिवसांत दोन हेलिकॉप्टरं कोसळली. पहिलं 24 ऑगस्टला, पौडजवळ, भर पावसात. मुंबईतल्या जुहूहून हैदराबादला निघालेलं. आतले चौघेही वाचले. दुसरं 2 ऑक्टोबरला सकाळी, बावधन बुद्रुकच्या डोंगरात. गोल्फ कोर्सच्या हेलिपॅडवरून जुहूकडे निघालं आणि काही मिनिटांतच पडून पेटलं. दोन वैमानिक आणि एक अभियंता, तिघेही गेले. मुंबईहून खासदार सुनील तटकरे त्यात बसणार होते. परिसरात तेव्हा धुकं होतं. कारण ठरवणं हे तपास यंत्रणेचं काम, त्यात मी शिरत नाही. पण पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या सकाळी मुळशीचे डोंगर किती वेळात दिसेनासे होतात, हे इथल्या दूधवाल्यालाही ठाऊक आहे.

ही दोन्ही उड्डाणं शिकवणीची नव्हती. माझं भांडण मात्र शिकवणीशीच आहे.

हेलिकॉप्टरच्या शिकवणीत इंजिन बंद पडल्याचा सराव करून घेतात. डाव्या हाताचा दांडा ताबडतोब खाली, खालून येणाऱ्या हवेवर पंखा फिरता ठेवायचा आणि जमिनीजवळ आल्यावर त्याच फिरण्याच्या जोरावर टेकायचं. याला ऑटोरोटेशन म्हणतात. जगभर शिकाऊंच्या हाती दिलं जाणारं रॉबिन्सन आर-22 इतकं हलकं आहे, की दांडा खाली न्यायला सेकंद-दोन सेकंदच मिळतात. या सरावातही हेलिकॉप्टरं आपटली आहेत, माणसं गेली आहेत. म्हणून सराव कुणी बंद केला नाही, तो सुधारला. 1995 मध्ये अमेरिकेने रॉबिन्सनच्या वैमानिकांना खास प्रशिक्षण सक्तीचं केलं, आणि पंखा हेलिकॉप्टरच्याच अंगावर आदळून होणारे अपघात घटले. म्हणजे शिकवलं की माणसं वाचतात. यात वादाला जागा नाही.

मग ढगात काही दिसेनासं होतं, त्याचं काय? 1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठाने, केवळ उपकरणं बघून उडवण्याचा सराव नसलेल्या वीस जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान उडवायला लावलं. ताबा सुटायला सरासरी 178 सेकंद लागले. तीन मिनिटंसुद्धा नाहीत! आणि विमान हात सोडला तरी थोडा वेळ सरळ जातं. लहान हेलिकॉप्टर तेवढीही सवलत देत नाही.

अनुभवाने यातून सुटका होते म्हणावं, तर अमेरिकन बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचं हेलिकॉप्टर आठवा. 26 जानेवारी 2020, कॅलिफोर्नियातली टेकडी, ढग, नऊ मृत्यू. चालवणाऱ्याचे हजारो तास झालेले, उपकरणांवर उडायला इतरांना शिकवण्याचा परवाना खिशात. तपासाचा निष्कर्ष: ढगात त्याला दिशेचं भान उरलं नाही, आणि उड्डाण पूर्ण करायचंच हा त्याने स्वतःवर घेतलेला दबावही बहुधा त्याला भोवला.

हा दबाव शिकवणीत कुठे येतो? इंजिन बंद पडण्याचा सराव पुन्हा पुन्हा होतो, तसा नकाराचाही व्हायला हवा. शिक्षकाने धुक्याच्या पहाटे विद्यार्थ्याला हेलिपॅडवर उभं करावं, शेजारी घड्याळाकडे बघणारा साहेब उभा करावा, सारखा फोन वाजवावा, आणि "आज उडणार नाही" हे त्याच्या तोंडून येईपर्यंत धडा चालू ठेवावा. अर्ध्या वाटेतून मागे फिरण्याचाही सराव करून घ्यावा. परीक्षेत त्याला गुण असावेत.

आणि शिकवणी फक्त वैमानिकाला पुरणार नाही. सभेला उशीर होतोय म्हणून स्वीय सहायकाकरवी दर पाच मिनिटांनी "निघालात का?" विचारणाऱ्या प्रत्येक नेत्याला आणि उद्योगपतीला ती लागू करा. भाड्याच्या करारात दोन वाक्यं घाला: हवामानावरून वैमानिकाने दिलेला नकार अंतिम, त्यासाठी त्याचा एक रुपयाही कापला जाणार नाही. त्याखाली प्रवाशाची सही घ्या, आणि ती झाल्याशिवाय पंखा फिरवू नका.