गिरिभ्रमणातील शिध्याचा जाबता

डोंगरावरील मुक्कामात अन्नाची तरतूद कशी करावी या विषयाचा शास्त्रोक्त अभ्यास करू इच्छिणाऱ्यास छत्रपती संभाजीनगराइतके अनुकूल क्षेत्र दुसरे नाही. कारण या शास्त्रातील सर्वांत नामांकित फजिती शहरापासून अवघ्या पाच कोसांवर घडलेली आहे. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर अचानक चालून आला, तेव्हा यादव राजा रामदेवरायाच्या माणसांनी पायथ्याशी पडलेली व्यापाऱ्यांची पोती धान्याची समजून घाईघाईने गडावर ओढून घेतली, आणि वेढा आवळल्यावर ती सोडून पाहिली तेव्हा आत निव्वळ मीठ निघाले, असे फरिश्ता सांगतो. शत्रूला दाद न देणारा तो गड अखेर पोत्याच्या बांधलेल्या तोंडाने हरवला.

सबब पहिले कलम असे की मोहिमेवर निघण्यापूर्वी एक कोठावळा नेमावा व त्याने प्रत्येक पुडी स्वहस्ते सोडून, हुंगून आणि शक्य तर चाखून पाहावी. हा अधिकारी शक्यतो अप्रिय असावा. प्रिय माणसाच्या ताब्यातील शेंगदाण्याचे लाडू वाटेतल्या कन्नड गावाच्या अलीकडेच संपतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. जिनसांची वाटणी शहरातील गुलमंडीवर चहा पिताना तोंडी करण्याचा जो प्रघात आहे, तो तत्काळ बंद करावा. अशा बैठकीतून निघालेल्या मंडळींपाशी चिवडा प्रत्येकाचा असतो, काडेपेटी कोणाचीच नसते, आणि देवगिरीकरांजवळ जे विपुल होते ते मीठ तर हटकून घरी राहिलेले असते.

शिध्याचे प्रमाण ठरविताना भुकेवर विश्वास ठेवू नये, मापावर ठेवावा. ज्वारीचे पीठ माणशी एका वेळेस पाव किलो धरले म्हणजे तीन भाकरी होतात. पहिली कौतुकाने, दुसरी भुकेने आणि तिसरी गडावर भेटलेल्या परक्या मंडळींना दाखविण्यासाठी. खिचडीस दोन मुठी तांदळाला एक मूठ मुगाची डाळ पुरेशी होते. तथापि पहिल्या दिवसाचे अन्न घरूनच न्यावे, आणि या बाबतीत मराठवाड्यातील गृहिणींनी जो विचार करून ठेवला आहे त्यात भर घालण्याचा प्रयत्न पुरुषमंडळींनी करू नये. भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते. दुधात पीठ भिजवून केलेली दशमी मऊ राहते. धपाटे शिळे झाल्यावर अधिक रुचकर लागते. आणि जवसाची अथवा कारळाची चटणी कोरडी असल्यामुळे पाठपिशवीच्या तळाशी कितीही अवमानित झाली तरी नासत नाही. ठेचा मात्र मागाहून आलेला आहे. मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून या देशात उतरली ती यादवांचे राज्य बुडाल्यानंतर दोन शतकांनी. ठेच्यावाचून वेढा सोसणाऱ्या त्या शिबंदीविषयी मला तरी आदर वाटतो.

काही उत्साही तरुण डोंगरावर नान-खलिया रांधण्याचा संकल्प सोडतात. हा पदार्थ मुळात छावणीचाच, इ. स. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी देवगिरीस म्हणजेच दौलताबादेस हलविली तेव्हा फौजेबरोबर तो इकडे आला, अशी शहरातील परंपरागत समजूत आहे, आणि ती खोटी ठरविण्यात कोणाचाही फायदा नाही. परंतु त्या खलियासाठी प्रचंड देग, पिवळसर नानांसाठी भट्टी, आणि या सर्वांच्या वाहतुकीसाठी सुलतानाच्या हुकमाला भिणारे दळ लागते. ज्यांच्यापाशी यांपैकी केवळ भूक उपलब्ध आहे, त्यांनी पिठले करावे. बेसन, तेल, मिरची, लसूण आणि पाणी एवढ्या सरंजामावर ते पाव तासात सिद्ध होते, आणि त्यात गुठळ्या झाल्यास त्या मुद्दाम ठेवल्या आहेत असे सांगता येते.

चुलीचा प्रश्न नाजूक आहे. उदाहरणार्थ, कन्नडच्या बाजूचा अंतूरचा किल्ला गौताळा अभयारण्याच्या हद्दीत येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला रानात पेटविलेल्या जाळाचे काव्य कळत नाही, आणि माघ-फाल्गुनात तेथील वाळलेले गवत व सागाचा पाचोळा पाहिल्यावर ते आपल्यालाही कळू नये हेच बरे. यास्तव स्वयंपाक हद्दीबाहेर, पायथ्याच्या गावात, शेतमालकाची परवानगी घेऊन करावा आणि गडावर तयार शिदोरी न्यावी. अंतूरच्या वाटेवर दिशा सांगणारा फारसी लेखाचा दगडी खांब उभा आहे. तो निजामशाहीतल्या वाटसरूला दौलताबादेचा रस्ता दाखवीत असे. जेवणाची सोय कोठे, याविषयी तो तेव्हाही मौन पाळून होता.

पाण्याच्या बाबतीत रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आजही प्रमाण मानावे: गड बांधण्यापूर्वी त्यांनी प्रथम पाणी पाहावयास सांगितले आहे. माणशी दिवसाला तीन-चार लिटर पाणी पाठीवर असू द्यावे. नकाशात तळे निळे दिसते म्हणून बाटल्या रिकाम्या नेणाऱ्यांस उन्हाळ्यात त्या निळ्या रंगाचा अर्थ प्रत्यक्ष जाऊन समजून घ्यावा लागतो. तळ्यात पाणी असलेच तर ते गाळून, उकळून मगच प्यावे.

साठवणीसंबंधी परदेशी ग्रंथकार असे सांगतात की रात्री अन्नाची पिशवी उंच झाडाला टांगावी, म्हणजे अस्वलांपासून तिचे रक्षण होते. हा उपदेश आमच्या प्रांती अमलात आणणे म्हणजे काळतोंड्या वानरांच्या दरबारी नजराणा रुजू करणे होय. दौलताबादेची वानरे प्लॅस्टिकच्या पिशवीचा सळसळाट दूरवरून ओळखतात आणि तिच्या मालकाविषयी कोणताही संकोच बाळगीत नाहीत. अन्न कडीच्या डब्यात ठेवावे, डबा झोपायच्या जागी उशाशी घ्यावा, आणि मुंग्यांसाठी त्याखाली पाण्याची परात ठेवावी. त्या परातीत रात्री कोणाचा पाय पडेल हे मात्र आधी सांगता येत नाही.

राहता राहिली खरवड. पिठल्याच्या कढईच्या बुडाशी जी खमंग खरवड लागते, तिच्यावरून जुनी मैत्रीही विटू शकते. तिचा हक्क भांडी घासणाऱ्याकडे राहील, हे कलम चूल पेटण्यापूर्वी सर्वांस मोठ्याने वाचून दाखवून प्रत्येकाची संमती घ्यावी. मागाहून वाचल्यास खरवड सर्वांनी मिळून फस्त केलेली असते, आणि कढई तशीच बांधून कोठावळ्याच्या घरी रवाना होते.