एकच पेज पुन्हा पुन्हा कसे फ्लश करावे: नवशिक्यांसाठी पाच सोप्या पायऱ्या

साहित्य: लिनक्स, एनएफएस क्लायंटचे कर्नल मॉड्यूल, दूरवरचा सर्व्हर आणि पोटात भरपूर भीती.

पायरी १. धीर धरू नका. ४०९६ बाइटच्या पेजात एक बाइट बदलला की पेज सर्व्हरकडे पिटाळा. दुसरा बदलला की पुन्हा पिटाळा. डर्टी (बदललेले, पण अजून न पाठवलेले) पेज ३० सेकंद तसेच राहिले तरी कर्नलची सहसा हरकत नसते. तेवढ्यात शेजारची पेजेसही बदलतात आणि १ एमबीची मुभा असेल तर २५६ पेजेस एकाच राइटमध्ये जातात. पण एवढा दम कोणाला?

पायरी २. फाइल नुसती वाचायला उघडली होती का, हे विचारू नका. एनएफएसचा मूळ कोड असे असेल तर फ्लश न करताच परत फिरतो. आळशी मेला!

पायरी ३. फोर्क झाल्यावर एकच उघडी फाइल दोन प्रोसेसच्या हाती येते. दोघी आपापल्या परीने ती बंद करतात आणि दर वेळी कर्नल मॉड्यूलचे फ्लश बोलावते. पहिल्या खेपेलाच सगळे गेले, आता डर्टी काही उरलेले नाही, हे मनावर घेऊ नका. सर्व्हरला कमिट पाठवाच.

पायरी ४. १९९५ च्या एनएफएस आवृत्ती ३ ने सवलत दिली: राइट सर्व्हरच्या मेमरीत राहू द्या, शेवटी एकच कमिट करा. मध्येच सर्व्हर रीस्टार्ट झाला तर व्हेरिफायर बदलतो, मग क्लायंट डेटा पुन्हा पाठवतो. तुम्ही मात्र प्रत्येक राइट थेट डिस्कवर उतरवून घ्या. उधारी नको.

पायरी ५. आवृत्ती ४ मध्ये सर्व्हर राइट डेलिगेशन देऊ शकतो, म्हणजे परत मागेपर्यंत फाइल तुमचीच. मग बंद करताना घाईने फ्लश करायची गरज नसते. तरी करा.

धोक्याची सूचना: साहेब ‘स्लो आहे’ म्हणून ओरडले, तर रागाच्या भरात सगळेच फ्लश उडवू नका. एफसिंक झाला, लॉक सोडला किंवा डेलिगेशन नसताना फाइल बंद झाली, की डर्टी पेज पाठवावेच लागते. पलीकडचा दुसरा क्लायंट तीच फाइल उघडायला टपलेला असतो. बाकी वेळी ‘डर्टी आहे का?’ एवढे एक इफ पुरते.

निकाल कसा पाहावा: एनएफएसस्टॅट चालवा. राइट आणि कमिटचे आकडे जोडीने चढत असतील, तर अभिनंदन! आता नेटवर्कवाल्यांच्या नावाने बोटे मोडायला मोकळे.