टिकटिक राहू दे

गांधीनगर जंक्शनच्या सिग्नलला मी मोटारसायकलवर बसलो होतो. डावीकडे डंपर, उजवीकडे बेस्टची बस, मागे रिक्षावाला हॉर्नवर अंगठा ठेवून ध्यानस्थ. एवढ्या गदारोळातही माझ्या गाडीतून येणारा एक नवा आवाज मला ऐकू आला. जत्रेत शंभर पोरं रडत असली तरी आईला आपलं बरोबर ओळखू येतं, तसंच हे.

गाडी २००७ सालची, एमएच-०३ची, शंभर सीसीची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण टाकीवरचा स्टिकरच आता ते सांगत नाही. मुलुंड ते अंधेरी एमआयडीसी हा तिचा रोजचा रस्ता. मीटर ४१ हजार दाखवतो, पण त्यावर विश्वास ठेवू नका. त्याला आकडेच पाच. ९९,९९९ नंतर तो निर्विकारपणे शून्यावर आला आणि गाडी पुन्हा बाल्यावस्थेत गेली. खरं रनिंग १ लाख ४१ हजार. पृथ्वीचा घेर साधारण ४० हजार किलोमीटर, म्हणजे आमच्या साडेतीन प्रदक्षिणा झाल्या. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, आणि आमच्या प्रदक्षिणाही साडेतीन, सगळ्या पवईमार्गे. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओने पर्यावरण कर घेऊन तिला पाच वर्षांची मुदतवाढ दिली. माझ्या ऑफिसचा विचार माझ्याबाबत इतका उदार दिसत नाही.

घरी आल्यावर पहिला प्रश्न पडला तो आवाजाच्या नावाचा. मराठीत आवाजांना काय तोटा! मी म्हणालो, ‘टिकटिक’. बायको बाल्कनीतून ऐकून म्हणाली, ‘अहो, टिकटिक कसली, खुळखुळ आहे ती.’ आईच्या मते ही जात्याची घरघर. मुलीने मोबाइलवर रेकॉर्ड करून सात वेळा ऐकलं आणि ‘किरकिर’ असा निकाल दिला, पण तो देताना ती माझ्याकडे बघत होती.

मेकॅनिककडे तर नाव सांगून भागत नाही, आवाज काढून दाखवावा लागतो. ‘कैसा आवाज आता है?’ असं विचारून तो हाताची घडी घालतो. मग पन्नाशीचा, पीएफवाला गृहस्थ भर एलबीएस मार्गावर ‘टक-टक-चिर्र, टक-टक-चिर्र’ करतो आणि पानवाल्याकडची गिऱ्हाईकं सरकून जागा करून देतात.

मुलुंडच्या मेकॅनिकने दोनदा रेस दिली आणि सांगितलं, ‘टायमिंग चेन.’ एकाच्या मतावर हृदयाचं ऑपरेशन कोणी करत नाही, म्हणून रविवारी सासुरवाडीला घाटकोपरला गेलो तेव्हा तिथल्या गॅरेजातही दाखवली. ते म्हणाले, ‘बोअर-पिस्टन गेलंय, हाफ इंजिन काम. साडेचार हजार.’ ऑफिसजवळच्या अंधेरीच्या मेकॅनिकने क्लच दाबला, सोडला, परत दाबला आणि क्लच हाऊसिंगवर बोट ठेवलं. बोरिवलीच्या मामेभावाचा ‘घरचा माणूस’ तर गाडी चालू करण्याआधीच खिन्न झाला. ‘क्रँक. फुल इंजिन काम. नऊ हजार.’ वर एक कटिंग चहा पाजला, जसा मर्तिकाच्या घरी पाजतात.

पश्चिमेकडे जावं तसं दुखणं खोल चाललं होतं. विरारपर्यंत गेलो असतो तर चासी बदलायला सांगितली असती.

शेवटी तळमजल्यावरच्या काकांनी हाक मारली. काका एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर होते. कारखान्याच्या जागी आता टॉवर आहे, पण काकांचे कान तेवढे शिल्लक आहेत. सोसायटीच्या भजनी मंडळात ते पखवाज वाजवतात आणि वार्षिक सभेत सेक्रेटरीला.

‘अरे, रोज सकाळी ऐकतोय मी. लाव मेन स्टँडला.’

काकांनी घरातून हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर आणला. त्याचं टोक इंजिनच्या हेडवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप निघाला म्हणतात. मला तर लेनेकच आमच्या पार्किंगमध्ये लेंगा-बनियनवर बसलाय असं वाटलं. टोक हेडवरून सिलिंडरवर आलं, तिथून क्लचच्या झाकणावर, मग खाली क्रँककेसवर. दर ठिकाणी काका ‘हं’ म्हणत होते, पण प्रत्येक ‘हं’ वेगळा होता.

‘आता स्लो कमी कर. अजून. बंद पडू देऊ नकोस. सायलेन्सरचा ठोका ऐकू येतोय? एका ठोक्याला किती टिका पडतात?’

मला एकही मोजता येईना. काकांनी चौथऱ्याच्या कडप्प्यावर एका हाताने ठोका आणि दुसऱ्या हाताने टिक धरली. दोन्ही हात एकदम पडत होते.

‘एकपट आहे, दुगुन नाही,’ काका म्हणाले. ‘चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोन फेरे मारतो तेव्हा कॅम एक मारतो, आणि तेवढ्यात सायलेन्सर एकदाच बोलतो. दुखणं क्रँकचं असतं तर एका ठोक्यात दोन टिका पडल्या असत्या. हे वरचं दुखणं आहे.’

‘पण काका, बोअर-पिस्टन?’

‘पिस्टन सकाळी गार इंजिनवर बोंबलतं आणि तापल्यावर फुगून गप्प होतं. तुझी टिकटिक गार असतानाही आणि अंधेरीहून आल्यावरही तशीच. टायमिंग चेन रेस सोडताना खळखळते. आणि क्लच? क्लच दाबून आवाज जराही बदलला का? नाही. मग टॅपेट. उद्या सकाळी ये, चहाच्या आधी. टॅपेट गार इंजिनवरच लावतात.’

दुसऱ्या दिवशी काकांनी हेडवरच्या दोन गोल टोप्या उघडल्या. बाजूच्या भोकातून बघत फ्लायव्हीलवरची ‘टी’ची खूण रेघेला आणली, म्हणजे पिस्टन वर, आणि दोन्ही झडपा बंद असल्याची खात्री करून घेतली. मग डब्यातून फिलर गेज काढलं. पात्यांचा तो छोटा पंखा त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेला. त्यातलं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ पातं त्यांनी फटीत सरकवलं. ते ढिलं निघालं. काकांनी नट सैल करून स्क्रू किंचित फिरवला आणि मला पातं ओढायला लावलं. नव्या वहीची चिकटलेली पानं सोडवताना लागतं, तेवढंच हाताला लागलं.

गाडी सुरू केली. टिकटिक अर्ध्याहून कमी झाली होती, पण होती.

‘काका, अजून थोडा घट्ट केला तर पूर्ण जाईल ना?’

काकांनी माझ्याकडे बोरिवलीच्या मेकॅनिकइतक्याच खिन्नपणे पाहिलं. ‘जाईल की! आणि मग तापल्यावर झडप लांबेल, नीट बसणार नाही, जळेल. पुढे एक दिवस पवईच्या चढावर गाडी उभी राहील, आवाज न करता. टिकटिक राहू दे. बोलणारा टॅपेट परवडतो, गप्प बसलेला पैसे काढतो.’

आठवडाभर मी सुखात होतो. मग सीप्झच्या सिग्नलला लक्षात आलं, की टिकटिकीमागे आजवर एक करकर लपली होती. एक आवाज गेला की त्याच्या पाठीमागचा पुढे येतो, हे पुनर्विकासातल्या इमारतींसारखं आहे. करकर मागच्या चेनची निघाली. तेल घातल्यावर तीही गेली आणि मडगार्डची थरथर ऐकू येऊ लागली. तिला मी घरात नाव ठेवायला दिलेलं नाही.

सप्टेंबरात सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. दरवर्षी काका उठतात आणि गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक, जिन्यातला दिवा, लेखापरीक्षकाची फी अशा क्रमाने दीड तास घेतात. यंदा काका कोपऱ्यात गप्प बसून राहिले. विषय एकामागोमाग मंजूर होत गेले आणि दर मंजुरीबरोबर सेक्रेटरींचा चेहरा उतरत गेला. अखेर त्यांनी स्वतः उठून विचारलं, ‘काका, तब्येत बरी आहे ना? काही बोलत नाही तुम्ही.’

काकांनी खुणेने सांगितलं, कवळी दुरुस्तीला दिली आहे.

सभागृहाने सुटकेचा श्वास टाकला. बॉलकॉकचा विषय सर्वानुमते पुढच्या सभेसाठी राखून ठेवण्यात आला, आणि सूचक म्हणून इतिवृत्तात माझं नाव आहे.

गाडीचा मीटर आज ४१,८३६ दाखवतो, म्हणजे खरे १,४१,८३६. टिकटिक चालू आहे.