सहामाही आजी

कोथरूडच्या बहुतेक सोसायट्यांत एक सहामाही आजी असतेच. लेक न्यू जर्सीला बाळंत होणार, असं कळलं की तिची नेमणूक पक्की. पाहुण्यांच्या व्हिसावर एका खेपेला सहसा सहा महिनेच राहता येतं. म्हणून पहिली पाळी लेकीच्या आईची, दुसरी विहीणबाईंची. पाळणाघराचं पुढे बघू, असा दोन्ही घरांचा अलिखित करार.

23 किलोच्या बॅगेत डिंकाचे लाडू, हळीव, वेखंड, गुटीची सहाण आणि जुन्या सुती पातळांची दुपटी. तिकडे पोचल्यावर कळतं, की वर्षाच्या आत मधाचं बोट चाटवायचं नाही, सहा महिने पाण्याचा थेंब नाही, आणि बाळाने स्वतंत्र पाळण्यात, उताणं, एकट्याने झोपायचं. दुपटंसुद्धा पांघरायचं नाही. वर कॅमेरा रोखलेला.

"अगं, तुला मी अशीच वाढवली ना?"

"हो आई, म्हणूनच डॉक्टरांना विचारलं."

पायांवर घेऊन न्हाऊ घालायची तेवढी मुभा मिळते. त्या पंधरा मिनिटांत आजी सगळं शास्त्र उरकून घेते. टाळू भरते, नाक ओढते, डोक्याला आकार देते. जावईबापू नेमके तेव्हा मीटिंगमध्ये असतात.

खरी गंमत ती परतल्यावर. शेजारचा नातू अ‍ॅक्टिव्हावर पुढे उभा दिसला, की ही फाटकातच अडवते. "तिकडे कार सीट असल्याशिवाय हॉस्पिटलातून बाळ घरी नेऊ देत नाहीत, माहितीये?" कुणी पोराला धपाटा घातला, की "मारू नये गं. टाइम-आउट द्यावा. जितकी वर्षं, तितकी मिनिटं."

"काकू, तुम्ही तर लेकीला दिवेलागणीपर्यंत दाराबाहेर उभी करायचात!"

"तेव्हा मिनिटं मोजायला वेळ कुठे होता?"

रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर नव्या ड्यूटीवरच्या विहीणबाईंना सूचना सुटतात. "धुरी देऊ नका हं, स्मोक अलार्म वाजतो." हे हिला कसं ठाऊक, ते कुणी विचारत नाही.

"आणि मध?" विहीणबाई हळूच विचारतात.

"मुळीच नाही! तिथे आहात तोवर तिथलंच ऐकायचं." मग कॅमेऱ्याजवळ सरकून, आवाज उतरवून, "वर्षाचा झाला की पुण्यालाच आणतायत. पुढचं मी बघते."