देते किती?

चंद्रपूर-गडचिरोलीकडे जुनी चारचाकी घेतल्याचं कळलं की लोक तिचा रंग विचारत नाहीत, मॉडेल विचारत नाहीत, अपघात झाला होता का हेही विचारत नाहीत. "देते किती?" एवढंच विचारतात. आणि ज्याला हा प्रश्न दिवसातून तीनदा विचारला गेला नाही तर जेवण जात नाही, असा एक माणूस या दोन जिल्ह्यांच्या प्रत्येक तालुक्यात हमखास सापडतो. कुठे तो तलाठी असतो, कुठे पतसंस्थेचा व्यवस्थापक, पण त्याचं अस्सल रूप म्हणजे जिल्हा परिषदेचे गुरुजी. कागदोपत्री मुख्यालयी राहणारे आणि प्रत्यक्षात चंद्रपूरहून अप-डाऊन करणारे. गाडी एमएच ३४ पाटीची अल्टो, तिसऱ्या हातातली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, म्हणजे १९८३ साली आलेल्या मारुती ८०० चं होतं तेवढंच.

गुरुजींच्या डॅशबोर्डाच्या कप्प्यात गाडीची कागदपत्रं नसतात, ती घरी. तिथे असते एक दोनशे पानी वही, तिला रबर बँड आणि बँडात खोचलेलं लाल पेन. तारीख, किलोमीटर, लिटर, आणि शेवटच्या रकान्यात अ‍ॅव्हरेज, दशांश चिन्हानंतर दोन आकडे. अठराच्या वर गेलं तर आकड्याखाली दोन रेघा. सोळाच्या खाली आलं तर शेजारी कारण: 'पाऊस', 'मेव्हणा सोबत', 'आष्टी रस्ता'. आष्टी ते आलापल्ली रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक एकामागून एक चालतात. त्यांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगत गेलेला दिवस गुरुजी सरासरीत धरतच नाहीत. तो रस्त्याचा दोष, गाडीचा नाही.

कंपनीच्या आकड्यावर मात्र त्यांचा राग कायमचा. त्यांचंही अगदीच चूक नाही. तो आकडा पुण्यात एआरएआयच्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवून काढलेला असतो. तिथे रस्त्यात बसलेली म्हैस नाही, जटपुरा गेटातली कोंडी नाही आणि मागच्या सीटवर तांदळाचं पोतंही नाही.

पेट्रोल भरायचं ते पहाटे, कारण थंड पेट्रोल घट्ट असतं म्हणे. पेट्रोल एका अंशाला हजारात साधारण एक भाग फुगतं, इथवर शास्त्र गुरुजींच्या बाजूने आहे. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथे पहाट-दुपार असा भेद फारसा पोचत नाही. हे त्यांना सांगून पाहिलेले लोक आता सांगत नाहीत. शिवाय पाचशेचं कधी भरायचं नाही, पाचशे दहाचं भरायचं. 'गोल आकड्यात मशीन मारते' हा सिद्धांत त्यांनी इतक्या जणांना पटवलाय, की त्या पंपावर आता पाचशे दहा हाच गोल आकडा झालाय. हा विश्वासातला पंप घरापासून सहा किलोमीटर आड आहे. जाऊन-येऊन बारा किलोमीटरचं पेट्रोल वहीत कुठल्या रकान्यात जातं, हे विचारू नये.

गाडी चालवताना मात्र हा माणूस बघण्यासारखा. चंद्रपूरहून मूलकडे निघालं की लोहाऱ्यानंतर जंगल लागतं, बाकीचे तिथे वाघाकडे डोळे लावतात आणि गुरुजी काट्याकडे. काटा पन्नासवर खिळलेला. ताशी ४५ ते ५५ हा वेग किफायतशीर, हे पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था, म्हणजे पीसीआरए, कितीतरी वर्षं सांगत आलीय. साऱ्या देशात हे मनावर घेणारे बहुधा गुरुजी एकटेच. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा अडसर चौपट होतो, हे त्यांनी सातवीच्या वर्गालाही शिकवलंय, अभ्यासक्रमात नसताना. मागे एसटी हॉर्न देत असते आणि तिचा ड्रायव्हर त्यांना नावाने ओळखतो.

उतार दिसला की मात्र त्यांच्यातला शास्त्रज्ञ जातो आणि वाणी जागा होतो. कोरचीकडच्या बेडगाव घाटात ते गाडी न्यूट्रल करतात, एकदोनदा तर किल्लीच फिरवली. हे बरं नव्हे. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-चार दाबांत संपते, आणि किल्ली जरा जास्त मागे गेली तर स्टिअरिंग लॉक होतं. बरं, फायदाही नाही. एमपीएफआय गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल सोडायचं थांबवतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन जिवंत ठेवायला थोडं थोडं पाजत राहावं लागतं. कार्बोरेटरच्या काळातला हिशोब गुरुजी इंजेक्टरच्या गाडीला लावतात.

गाडीत रोज चौघं असतात. मूलपर्यंतचे जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर, पाच लिटर पेट्रोल, पाचशे वीसच्या आसपास खर्च, माणशी एकशे तीस. खरी बचत ही आहे, आणि ती कुठल्याही गॅरेजात मिळत नाही. पण गुरुजींचा जीव अडकलाय तो वर्गणी देणाऱ्या गणिताच्या सरांच्या नव्वद किलोंत. पंचेचाळीस-पन्नास किलोंमागे अ‍ॅव्हरेज टक्काभर उतरतं, म्हणून एकदा त्यांनी वर्गणी वजनाप्रमाणे घ्यायचा ठराव मांडला. गणिताच्या सरांनी तिथेच, चालत्या गाडीत, उत्तर काढलं: "माझ्या वजनानं तुमचं रोजचं दहा रुपयांचं पेट्रोल जास्त जळते जी, अन् मी देतो एकशे तीस. उद्यापासून बसनं येऊ का?" ठराव बारगळला. वजन कमी करायचंच म्हणून गुरुजींनी मग स्टेपनी काढून घरी ठेवली, दहाएक किलोंची. आठवड्याच्या आत चाक पंक्चर झालं, तेही मोहर्लीच्या बाजूला, दिवेलागणीला. त्या संध्याकाळी चौघांपैकी एकालाही वाघ बघायची इच्छा नव्हती.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि एसी लावला की एवढंसं इंजिन चढावर धापा टाकतं. गुरुजी एसी लावत नाहीत. ओला पंचा डोक्यावर, चारही काचा खाली. घरच्या बाईंनी यावर उपाय शोधलाय, त्या माहेरी रेल्वेने जातात.

आणि एवढं सगळं करूनही एका हिवाळ्यात वहीत चौदा आलं. गुरुजींना दोन दिवस वर्गात शिकवता आलं नाही. शेवटी मिस्त्रीकडे.

"मिस्त्री, चौदावर आली जी."

"थर्मोस्टॅट हाय का गाडीत?"

"आधीच्या मालकानं काढून टाकला म्हने. इतक्या उनात कायले पायजे?"

मिस्त्री हसला. हा या भागातला जुना रोग. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकतात. मग थंडीच्या सकाळी इंजिन हव्या त्या तापमानाला वेळेवर पोचतच नाही, आणि थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. त्यानंतर मिस्त्रीने फक्त एक गोष्ट केली. गाडी फिरवून आणली, ब्रेक फारसा न लावता उभी केली आणि चारही चाकांच्या मधोमध तळहात जवळ नेला. तीन कोमट. मागचं डावं मात्र असं तापलेलं की हात झटकन मागे आला. पावसाळ्यातला चिखल ब्रेकड्रममध्ये वाळून बसला होता, शू सुटतच नव्हते. म्हणजे गुरुजी चार महिने हलका ब्रेक लावून गाडी हाकत होते. दाराच्या कडेवरच्या स्टिकरप्रमाणे थंड चाकात हवा भरली, ड्रम साफ केला, थर्मोस्टॅट बसवला. पुढच्या टाकीला अठरा पॉइंट चाळीस. त्या पानावर दोन नाही, तीन रेघा आहेत.

हा आनंद इथेनॉलने मोडला. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं, आणि इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी. जुन्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिला होता. गुरुजींनी तो परिच्छेद झेरॉक्स करून वहीत चिकटवलाय. आता मेव्हणा सोबत असला तरी कारणाच्या जागी 'नीती आयोग' लिहितात.

गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा लोकांना वाटलं, आता विकतील. पंधरा वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली होती. गुरुजींनी पाच हजारांना पाच वर्षांनी भागलं, मग ३६५ नी, आणि जाहीर केलं की रोजचे पावणेतीन रुपये, म्हणजे पंचवीस मिली पेट्रोल, खोकल्याच्या औषधाच्या दोन-तीन झाकणांएवढं. तेवढं तर ड्रम साफ केल्यावर रोज वाचतंय.

आरटीओत गाडी उभी राहिली. इन्स्पेक्टर साहेबांनी चेसिस नंबर तपासला, दिवे लावून पाहिले, हॉर्न वाजवला, टायरांवर नजर टाकली. गुरुजींनी वही काढून ठेवली होतीच, पण कोणी मागितली नाही. साहेबांनी कागदावर सही केली, पेन खिशाला लावलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज जरा खाली आणला.

"गुरुजी, माझीबी अल्टोच आहे, दोन हजार आठची. तुमची देते किती?"